अधिसेविका नेमके काय करतात?

जिल्हा रुग्णालयाच्या व्हरांड्यातून जाताना एखाद्या दारावर ‘अधिसेविका’ अशी पाटी दिसते. हातात केसपेपर घेतलेले शेकडो नातेवाईक रोज त्या पाटीसमोरून जातात, पण त्या दाराआड कोण बसते आणि आपल्या रुग्णाचा त्या व्यक्तीशी काय संबंध आहे, हे त्यांपैकी फार थोड्यांना सांगता येईल. डॉक्टरांची उतरंड आपल्याला साधारणपणे ठाऊक असते. निवासी डॉक्टर कोण, मोठे डॉक्टर कोण, सिव्हिल सर्जन म्हणजे काय, हे दोन दिवसांत कानावर पडून समजते. परिचारिकांच्या बाबतीत मात्र आपली ओळख ‘सिस्टर’ या एका शब्दापाशी थांबते.

ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोगाचा कायदा संमत केला आणि भारतीय परिचर्या परिषदेच्या १९४७ च्या कायद्याच्या जागी नवी व्यवस्था आणण्याचे ठरवले. महाराष्ट्रात परिचारिकांची रिक्त पदे, कंत्राटी भरती आणि आंदोलने यांच्या बातम्या वरचेवर येत असतात. या बातम्यांत ‘पदे किती भरली’ हा प्रश्न असतो, आणि तो रास्तही आहे. पण जे मनुष्यबळ हाताशी आहे त्याची मांडणी कोण करते, रात्री दोन वाजता कोणत्या वॉर्डात कोण असावे हे कोण ठरवते आणि त्यात चूक झाली तर जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्न मागे पडतो. त्याचे उत्तर त्या पाटीमागे आहे.

## पाट्यांवरची नावे

परिचर्या म्हणजे नर्सिंग. महाराष्ट्राच्या शासकीय रुग्णालयांत रुग्णाच्या खाटेपाशी काम करणारी प्रशिक्षित परिचारिका कागदोपत्री ‘अधिपरिचारिका’ असते. वॉर्डात तिला स्टाफ नर्स म्हणतात, आणि केंद्र सरकारच्या रुग्णालयांत २०१६ पासून याच पदाला ‘नर्सिंग ऑफिसर’ असे नाव आहे. तिच्या वरची पायरी ‘परिसेविका’, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. एका वॉर्डाची सगळी परिचर्या, औषधांचा व साहित्याचा साठा, चादरींपासून ऑक्सिजनपर्यंतची मागणी आणि हाताखालच्या परिचारिकांचे काम तिच्याकडे असते. अनेक वॉर्डांवर मिळून देखरेख ठेवते ती ‘सहाय्यक अधिसेविका’, आणि संपूर्ण रुग्णालयाच्या परिचर्येची प्रमुख ती ‘अधिसेविका’, म्हणजे बोलण्यातली मेट्रन. खासगी रुग्णालयांत याच पदांना नर्सिंग सुपरवायझर, नर्सिंग सुपरिंटेंडेंट, चीफ नर्सिंग ऑफिसर किंवा डायरेक्टर ऑफ नर्सिंग अशी नावे असतात. पदनामे स्त्रीलिंगी असली तरी या व्यवसायात पुरुषही आहेत, आणि वॉर्डात ज्यांना ‘ब्रदर’ म्हणतात त्यांच्यासमोरही हीच शिडी आहे.

नावांच्या या गर्दीत एक रेषा लक्षात ठेवली तरी पुरते. परिसेविकेपर्यंतचे काम एका वॉर्डाचे असते. तिच्या वरच्या पदांचे काम संपूर्ण संस्थेचे असते. वरच्या पदांवरील व्यक्ती बहुधा स्वतः इंजेक्शन देत नाही किंवा सलाईन लावत नाही. ते देणाऱ्या शेकडो हातांना काम करता येईल अशी परिस्थिती निर्माण करणे, हे तिचे काम आहे.

एस.टी.च्या डेपोचे उदाहरण घेऊ. चालक कितीही कुशल असला तरी कोणती गाडी कोणत्या मार्गावर सोडायची, काल मुक्कामी गाडीवर गेलेल्या चालकाला आज पुन्हा पाठवायचे का, घाटाच्या रस्त्यावर नवख्याला धाडायचे का, ब्रेकची तक्रार आलेली गाडी रोखून ठेवायची का, हे तो ठरवत नाही; ते डेपोत ठरते. अपघात झाला की बातमीत चालकाचे नाव येते, आणि तो सलग किती तास गाडी चालवत होता हा प्रश्न नंतर, क्वचितच, विचारला जातो. रुग्णालयात परिचारिका चालकाच्या जागी आहे आणि अधिसेविका डेपो सांभाळणाऱ्याच्या जागी.

## तीस खाटांचा हिशेब

हे काम किती अवघड आहे, ते कागदावर आकडे मांडल्याखेरीज कळत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या रुग्णालयातील सर्वसाधारण वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका, आणि इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक परिचारिका असावी. शिवाय रजेची सोय म्हणून ३० टक्के जादा. ‘तीनास एक’ हे ऐकले की प्रत्येक सिस्टरकडे तीनच रुग्ण असतील असे आपल्याला वाटते. पण रुग्णालय चोवीस तास चालते आणि हा आकडा तिन्ही पाळ्यांचा मिळून आहे. तो पाळ्यांमध्ये वाटला की एका पाळीत नऊ रुग्णांमागे एक परिचारिका उरते, आणि इतर रुग्णालयांत पंधरा रुग्णांमागे एक. निकष पूर्णपणे पाळला गेला, एकही पद रिक्त नाही आणि वॉर्डात खाटेइतकेच रुग्ण आहेत असे धरूनचे हे चित्र आहे. आपल्या मोठ्या शासकीय रुग्णालयांत खाली गादी टाकून झोपवलेले रुग्ण ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यातले शेवटचे गृहीतक किती टिकते हे सांगायला नको.

आता शिक्षण देणाऱ्या रुग्णालयातील तीस खाटांचा एक वॉर्ड घ्या. निकषाप्रमाणे तिथे रोज दहा परिचारिका कामावर हव्यात, आणि रजेची सोय धरून हजेरीपटावर तेरा नावे हवीत. वर्षाला ३६५ दिवस धरले तर रोज दहा याप्रमाणे ३,६५० ड्युट्या भरायच्या आहेत. एका परिचारिकेच्या वाट्याला साप्ताहिक सुट्ट्यांचे ५२ दिवस येतात. अर्जित रजा, किरकोळ रजा आणि सणवारांच्या बदली सुट्ट्या मिळून आणखी ५८ दिवस धरू. हे आकडे संस्थेप्रमाणे थोडे इकडे-तिकडे होतील, पण हिशेबापुरते पुरेसे आहेत. म्हणजे ती वर्षातून २५५ दिवस कामावर येऊ शकते. तेरा जणींच्या मिळून ३,३१५ ड्युट्या झाल्या. कोणी एक दिवसही आजारी न पडता ३३५ ड्युट्या आधीच कमी आहेत. त्यात एकीची सहा महिन्यांची प्रसूती रजा आली की आणखी सव्वाशे ड्युट्या वजा होतात, आणि तूट साडेचारशेच्या वर जाते. सरासरीने पाहिले तर वर्षातल्या प्रत्येक दिवशी कुठल्या ना कुठल्या पाळीत किमान एक जण कमी आहे.

ही तूट कुठे पडू द्यायची, हे ठरवणे म्हणजे अधिसेविका कार्यालयाचे रोजचे काम. सकाळी पडू द्यावी तर त्या वेळी डॉक्टरांचा राउंड, तपासण्या, ड्रेसिंग आणि नव्या भरती असतात. रात्री पडू द्यावी तर तीस रुग्णांमागे मुळात दोनच सिस्टर असतात. त्यांतली एक अत्यवस्थ रुग्णाला घेऊन सीटी स्कॅनला गेली की दुसरी एकटी उरते. शेजारच्या वॉर्डातून एखादीला उचलून आणावे, तर तिला इथले रुग्ण ठाऊक नसतात आणि तिकडचे उघडे पडतात. कुणाला डबल ड्युटी करायला लावावी, तर सोळाव्या तासाला औषधाची मात्रा मोजणारा हात थकलेला असतो. मंजूर झालेली सुट्टी रद्द करावी, तर आजचा दिवस निभावतो, पण ती परिचारिका वर्षभरात दुसरी नोकरी शोधू लागते.

केवळ माणसे मोजूनही भागत नाही. रात्रीच्या दोन सिस्टरांपैकी दोघीही गेल्याच महिन्यात रुजू झालेल्या असतील तर कागदावर संख्या बरोबर दिसेल, पण रुग्णाचा श्वास बदलला आहे हे वेळेवर ओळखणारे डोळे वॉर्डात नसतील. कोणत्या पाळीत अनुभवी आणि नवख्या हातांचे प्रमाण किती असावे, या विचाराला नर्सिंगमध्ये ‘स्किल मिक्स’ म्हणतात. ड्युटी रोस्टर हा पाहणाऱ्याला निव्वळ नावांचा तक्ता वाटतो. प्रत्यक्षात कुठल्या रुग्णाला किती धोक्यात ठेवायचे याचा तो लेखी निर्णय असतो, आणि म्हणूनच तो कोणी, कोणत्या माहितीवर आणि कोणत्या अधिकाराने केला, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

## मेट्रनचे पद आले कुठून

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की आपल्याला हातात दिवा घेतलेली स्त्री आठवते. त्या १८५४ मध्ये ३८ परिचारिकांना घेऊन क्रिमियन युद्धातील जखमी सैनिकांच्या रुग्णालयात गेल्या, हे खरे. पण त्यांचे अधिक टिकाऊ काम व्यवस्थेचे आहे. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या निधीतून परिचारिकांची शाळा सुरू झाली, तेव्हा त्यांचा आग्रह असा होता की परिचारिकांचे प्रशिक्षण, शिस्त आणि नेमणूक यांची जबाबदारी स्वतः परिचर्या शिकलेल्या एका प्रमुख स्त्रीकडे असावी. आपण समोर असताना जी काळजी घेतली जाते तीच आपण समोर नसतानाही घेतली जाईल अशी तजवीज करता आली पाहिजे, हा विचार त्यांनी स्पष्टपणे मांडला होता. अधिसेविकेच्या पदाची याहून नेमकी व्याख्या मला सापडलेली नाही.

भारतात परिचारिकांच्या संघटनेची सुरुवातही या पदापासूनच झाली. १९०५ मध्ये लखनौ येथे नर्सिंग सुपरिंटेंडेंटांची संघटना स्थापन झाली, आणि १९०८ मध्ये तिच्यातूनच सर्व प्रशिक्षित परिचारिकांची अखिल भारतीय संघटना आकाराला आली.

ज्या ब्रिटनमध्ये हे पद घडले, तिथेच ते पुढे मोडले गेले, आणि त्या गोष्टीतून शिकण्यासारखे बरेच आहे. १९६६ च्या सॅल्मन समितीच्या अहवालानंतर मेट्रन जाऊन तिच्या जागी व्यवस्थापनाच्या श्रेणींमधील नर्सिंग अधिकारी आल्या. १९८३ च्या ग्रिफिथ्स अहवालाने रुग्णालयांचा कारभार सर्वसाधारण व्यवस्थापकांकडे सोपवण्याची शिफारस केली, आणि व्यवस्थापनाच्या बैठकीत परिचर्येच्या प्रमुखाला आपसूक मिळणारी जागा अनेक ठिकाणी गेली. वॉर्डाच्या स्वच्छतेबद्दल आणि काळजीबद्दल लोकांच्या तक्रारी वाढत गेल्या, तसे २००१ मध्ये सरकारने ‘मॉडर्न मेट्रन’ हे पद पुन्हा निर्माण केले. स्टॅफर्डच्या रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात रुग्णांची जी आबाळ झाली तिची चौकशी होऊन २०१३ मध्ये अहवाल आला. त्यात संचालक मंडळाचे लक्ष पैशांवर व उद्दिष्टांवर राहिले आणि खर्च वाचवण्यासाठी कर्मचारी कमी केले गेले, हे कठोर शब्दांत नोंदवलेले आहे. इंग्लंडमध्ये आज फाउंडेशन ट्रस्ट प्रकारच्या सार्वजनिक रुग्णालय-संस्थांच्या संचालकांत एक नोंदणीकृत डॉक्टर किंवा दंतवैद्य आणि एक नोंदणीकृत परिचारिका किंवा प्रसाविका (मिडवाइफ) असणे कायद्यानेच बंधनकारक आहे.

## पंगतीतले ताट आणि पाठीवरची जखम

परिचारिकेकडे किती रुग्ण असावेत, हा केवळ तिच्या सोयीचा प्रश्न आहे, अशी एक समजूत आहे. अमेरिकेतील संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांतील शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसते, असे त्यात आढळले. २०१४ मध्ये युरोपातील नऊ देशांतील ३०० रुग्णालयांचा अभ्यास आला, तेव्हाही हाच ७ टक्क्यांचा आकडा समोर आला. याचा अर्थ शंभरातले सात जण जास्त दगावतात असा नाही. शंभरात दोन मृत्यू होत असतील तर ते प्रमाण २.१४ च्या आसपास जाते, असा आहे. आकडा लहान दिसतो, पण त्याला एका मोठ्या रुग्णालयाच्या वर्षभराच्या रुग्णसंख्येने गुणावे लागते. असे अभ्यास दोन गोष्टी सोबतीने वाढतात एवढे दाखवतात, एकीमुळे दुसरी घडते हे निर्विवाद सिद्ध करत नाहीत, हेही सांगायला हवे. परंतु निरनिराळ्या देशांत पुन्हा पुन्हा तेच दिसत असेल तर त्याकडे डोळेझाक करणे मला योग्य वाटत नाही.

असे का होत असावे, ते पंगतीवरून समजते. वीस ताटांमागे एक वाढपी असेल तर कोणाला मीठ नाही, कोणाची वाटी रिकामी आहे, हे त्याला चालता चालता दिसते. साठ ताटांमागे एकच वाढपी असेल तर तो तितक्याच तत्परतेने धावत असतो, पण कोपऱ्यातले एखादे ताट त्याच्या नजरेतून सुटतेच. त्यात आळस नसतो. पंगत मांडणाऱ्याची चूक असते. वॉर्डात असे सुटलेले ताट म्हणजे उशिरा मोजलेला रक्तदाब, न विचारलेली वेदना किंवा न बदललेली कूस.

कूस बदलणे ही गोष्ट फार साधी वाटते. स्वतःहून हलू न शकणाऱ्या रुग्णाला साधारणपणे दर दोन तासांनी वळवावे लागते, नाहीतर दाबाखालच्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटून जखम होते. हाच बेडसोर, म्हणजे शय्याव्रण. तो टाळायला महागडे यंत्र लागत नाही. पण पहाटे चार वाजता वळवायला सिस्टर जागेवर हवी, तिच्या मदतीला मावशी किंवा मामा हवेत, कोरडी चादर हवी, मागच्या वेळी कोणत्या कुशीवर ठेवले होते त्याची नोंद हवी आणि पाळी बदलताना ‘ओव्हर’ देताना, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरकडे काम सोपवताना, ती गोष्ट सांगितली जायला हवी. यातला एक जरी धागा तुटला तरी जखम होते. म्हणूनच रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणारी एनएबीएच ही संस्था बेडसोरचे प्रमाण मोजायला लावते: रुग्णाच्या पाठीवरून रुग्णालयाची व्यवस्था वाचता येते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयाने याचे जे उदाहरण घालून दिले, त्याला तोड नाही. तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अमानुष हल्ला झाला आणि १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, साडेएकेचाळीस वर्षे, त्या रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी त्यांच्यासंबंधीच्या याचिकेवर निकाल दिला, तेव्हा इतकी वर्षे अंथरुणाला खिळून असूनही त्यांना बेडसोर झालेला नाही, ही गोष्ट न्यायालयासमोर आली आणि न्यायालयाने परिचारिकांच्या सेवेचे मनापासून कौतुक केले. या घटनेकडे आपण परिचारिकांच्या माया-ममतेची कहाणी म्हणून पाहतो, आणि ती तशी आहेच. परंतु नोकरीची सगळी वर्षे धरली तरी कोणत्याही एका परिचारिकेचा कार्यकाळ साडेएकेचाळीस वर्षांचा नसतो. सिस्टर बदलल्या, इन्चार्ज बदलल्या, मेट्रन निवृत्त झाल्या, आणि तरीही दर दिवशी, दर रात्री कूस बदलली गेली. एका पिढीची काळजी दुसऱ्या पिढीच्या हाती न सांडता सोपवणारी व्यवस्था त्यामागे उभी होती. परिचर्येचे नेतृत्व म्हणजे काय, हे मला या एका उदाहरणातून जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही व्याख्येतून दिसत नाही.

## डॉक्टर प्रमुख असताना वेगळे नेतृत्व कशासाठी?

हा आक्षेप नेहमी घेतला जातो. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अधिष्ठाता असतात, जिल्हा रुग्णालयात जिल्हा शल्यचिकित्सक असतात. अंतिम जबाबदारी त्यांचीच आहे, आणि अधिसेविका त्यांच्याच अधिपत्याखाली काम करतात. त्यात बदल करावा असे कोणी म्हणत नाही. मुद्दा असा आहे की उपचार ठरवणे आणि ते चोवीस तास पार पाडणे ही दोन निरनिराळी शास्त्रे आहेत. डॉक्टर वॉर्डातील एका रुग्णापाशी दिवसातून काही मिनिटे असतात. उरलेला सगळा वेळ त्याच्यावर परिचारिकांची नजर असते, आणि बिघाडाची पहिली चाहूल बहुतेक वेळा त्यांनाच लागते.

समजा, रुग्णालयाने वीस खाटांचा नवा अतिदक्षता विभाग सुरू करायचे ठरवले. बैठकीत जागा, यंत्रे, विजेचा भार आणि डॉक्टरांची पदे यांची चर्चा होईल. अतिदक्षता विभागात गंभीर रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका लागते, ती प्रशिक्षित असावी लागते, आणि नवी पदे मिळाली नाहीत तर ती जुन्या वॉर्डांतूनच काढली जाणार, हे त्या टेबलाशी बसलेल्यांपैकी कोण सांगणार? अधिसेविका बैठकीला असेल तर ती सांगेल. नसेल तर उद्घाटन होईल, फीत कापली जाईल, आणि दुसऱ्या दिवसापासून मेडिसिनच्या वॉर्डात रात्रीच्या दोन सिस्टरांची एक होईल.

## वॉर्डात हात अपुरे असताना अनुभवी सिस्टर कार्यालयात का?

हा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. जिथे अधिसेविकेचे कार्यालय केवळ रजेचे अर्ज, माहितीचे तक्ते आणि खुलाशांची पत्रे यांच्या ढिगाऱ्याखाली गेलेले असते, तिथे हा आक्षेप खराही आहे. तीस वर्षांचा अनुभव असलेली परिचारिका जर दिवसभर कारकुनी करत असेल तर ती वॉर्डाच्याही उपयोगाची राहत नाही आणि संस्थेच्याही. त्यावरचा उपाय म्हणजे तिला लिपिक देणे आणि तिचा वॉर्डातला राउंड वाचवणे. पदच निरुपयोगी ठरवणे हा नव्हे.

अमेरिकेत १९८० च्या सुमारास परिचारिकांची मोठी टंचाई होती. त्या काळातही काही रुग्णालयांत परिचारिका टिकून राहत होत्या, नव्या येत होत्या. असे का होते, हे पाहण्यासाठी तिथल्या परिचर्या अकादमीने ४१ रुग्णालयांचा अभ्यास करून तो १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. लोहचुंबकासारखी माणसे धरून ठेवतात म्हणून त्या रुग्णालयांना ‘मॅग्नेट’ म्हटले गेले. तिथे जे आढळले त्यात एक गोष्ट ठळक होती: परिचर्येच्या प्रमुखाला व्यवस्थापनात मान आणि निर्णयाचा अधिकार होता, आणि वॉर्डातील परिचारिकेचे म्हणणे वरपर्यंत पोहोचत होते. नवी परिचारिका भरती करणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी ओतण्यासारखे असेल, तर आधी गळती बुजवावी लागते. आजारी मुलासाठी मागितलेली रजा मिळते का, मारहाणीची भीती असलेल्या रात्री सुरक्षारक्षक पाठवला जातो का, चूक कबूल केली तर ऐकून घेतले जाते का, यांवर परिचारिका टिकणार की जाणार हे ठरते, आणि या तिन्ही गोष्टी अधिसेविकेच्या वागण्याशी आणि अधिकारांशी बांधलेल्या आहेत.

## सेवाज्येष्ठता पुरेशी नाही का?

ज्येष्ठतेचा मान राखलाच पाहिजे. वॉर्डात वर्षे काढल्याशिवाय येणारी समज कोणत्याही पदवीने येत नाही. मात्र मोजून ठेवलेल्या माहितीतून अर्थ काढणे, अंदाजपत्रक मांडणे, सेवानियम जाणणे, तंटे मिटवणे, या गोष्टी इंजेक्शन देता देता आपोआप शिकता येत नाहीत. निव्वळ ज्येष्ठतेवर बढत्या होतात तेव्हा अनेकदा सर्वांत वरचे पद निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरली असताना हाती येते, आणि कारभार समजेपर्यंत निरोपसमारंभाची तारीख ठरलेली असते. परिसेविका झाल्यापासूनच व्यवस्थापनाचे शिक्षण मिळाले तर अनुभव आणि तयारी एकत्र येतील.

## जबाबदारी तिची, सही कोणाची?

खरी अडचण या पदाच्या अधिकारांत आहे. बहुतेक शासकीय व्यवस्थांमध्ये पदे मंजूर करणे, भरणे, खर्चाला मान्यता देणे, यांपैकी काहीही अधिसेविकेच्या हाती नसते. वॉर्डात काही बिघडले तर पहिला खुलासा मात्र परिचर्येकडून मागितला जातो. घरातल्या ज्या सुनेने सगळ्यांचे जेवण वेळेवर वाढावे अशी अपेक्षा आहे, पण जिच्या हाती ना किराणा आणण्याचे पैसे आहेत ना कोठीची किल्ली, तिच्यासारखी ही अवस्था आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात आरोग्यसेवेतील सुमारे ७० टक्के मनुष्यबळ स्त्रियांचे आहे, पण नेतृत्वाच्या जागांवर त्या सुमारे २५ टक्केच आहेत. संघटनेने २०२१ ते २०२५ या काळासाठी आखलेल्या धोरणात प्रत्येक देशाने परिचर्येची वरिष्ठ पदे निर्माण करावीत आणि बळकट करावीत, असे म्हटले आहे.

२०२३ च्या कायद्याकडून याबाबतीत किती अपेक्षा ठेवावी? त्यात २९ सदस्यांचा राष्ट्रीय आयोग, राज्यांचे आयोग, आणि शिक्षण, मूल्यांकन व नोंदणी यांसाठी वेगवेगळी मंडळे आहेत. आयोगाच्या अध्यक्षपदासाठी परिचर्येतील पदव्युत्तर पदवी आणि किमान वीस वर्षांचा अनुभव ही अट आहे. म्हणजे या व्यवसायाच्या नियमनाचे सूत्र या व्यवसायातल्याच व्यक्तीकडे राहील, आणि हे स्वागतार्ह आहे. पण हा कायदा शिक्षणाचा, नोंदणीचा आणि दर्जाचा आहे. तुमच्या-माझ्या जिल्ह्याच्या रुग्णालयात अधिसेविकेला व्यवस्थापनाच्या बैठकीत जागा असावी, रिक्त पदांमुळे वॉर्ड चालवणे धोक्याचे झाले आहे असे तिने लेखी कळवले तर त्याचे उत्तर ठरावीक मुदतीत मिळावे, किमान काही खर्चाची सही तिची असावी, या गोष्टी राज्य शासनाच्या आणि रुग्णालयांच्या निर्णयांनीच होतील. यांतल्या पहिल्या दोन गोष्टींना पैसेही लागत नाहीत.

## नातेवाइकांनी काय करावे?

आपला रुग्ण भरती असताना परिचर्येविषयी शंका किंवा तक्रार असेल तर ती प्रथम वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरला सांगावी. ड्युटीवरच्या नवख्या सिस्टरवर आवाज चढवून उपयोग होत नाही, कारण तिला त्या पाळीत किती रुग्ण द्यायचे हे तिने ठरवलेले नसते. तिथे दाद लागली नाही तर सहाय्यक अधिसेविकेकडे किंवा अधिसेविका कार्यालयात लेखी द्यावे. मोठ्या रुग्णालयांत रात्रीच्या वेळी संपूर्ण इमारतीच्या परिचर्येसाठी एक नाईट सुपरवायझर असते. वॉर्डातील सिस्टरला विचारले तर ती फोन लावून देऊ शकते. तक्रारीत कोणाच्या वागण्याविषयी लिहिताना त्या वेळी वॉर्डात किती रुग्ण होते आणि किती सिस्टर होत्या, हे दोन आकडेही तारीख आणि वेळेसह लिहावेत. अधिसेविकेला वरिष्ठांकडे मनुष्यबळ मागताना अशा नोंदींचा उपयोग होतो, आणि नातेवाइकाच्या सहीने आलेला आकडा फाइलमध्ये राहतो.